श्रीहरी प्रॉम्प्टरचा जबाब

श्रीहरी बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत नसे, ओठांकडे बघे. समोरचा अडखळला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. किराणा दुकानात, तलाठ्याकडे, एकदा तर मयताच्या घरी, रडता रडता थांबलेल्या म्हातारीला. टॉर्चचे सेल दर रविवारी पत्र्यावर उन्हात ठेवायचा. त्यानं सेल भरतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. भरत असतील तर भरतील, इतकंच म्हणणं होतं. चहा बशीत ओतायचा आणि कपातला राहिलेला प्यायचा, बशी मांजराची. वहीत खोडायचं झालं तर पट्टी लावून सरळ रेघ मारायचा, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी. भाजीत मीठ कमी पडलं तर "मीठ कमी हाये" असं कधी म्हणाला नाही. "मले कमी लागून राह्यलं" असं म्हणायचा.

या शेवटच्या सवयीचा सत्यशीलाला लग्नानंतर बरीच वर्षं राग येई. सरळ नाव ठेवावं, मोकळं व्हावं. पुढं तिला कळलं की तो भाजीला नाव ठेवतच नाही. तो फक्त आपल्या जिभेपुरतं बोलतो. भाजीचं भाजीला माहीत.

श्रीहरी खोब्रागडे वडशाच्या एका नाटक कंपनीत बावीस वर्षं प्रॉम्प्टर होता. दिवाळी सरली की होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगाव नाटकं चालतात. आज या गावी, उद्या त्या गावी, परवा नदीपलीकडे. एवढ्या धावपळीत पाठांतर कोण करणार? नट तोंडाला रंग फासून उभे राहतात आणि विंगेतला प्रॉम्प्टर बोलतो. तो बोलला की तेच वाक्य नट मोठ्यानं, हातवारे करून बोलतो. मधलं अंतर प्रेक्षकाला कळू द्यायचं नाही, ही कला. श्रीहरीच्या बाबतीत ते कधी कुणाला कळलं नाही. एका हातात टॉर्च, एका हातात वही. लच्छूसारखा नायक, ज्याला स्वतःच्या भूमिकेचं नावही दुसऱ्या अंकात आठवत नसे, तो श्रीहरीच्या जोरावर टाळ्या घ्यायचा.

वहीत आहे तेच बोलायचं, हा श्रीहरीचा नेम. एकदा कंपनीचे मालक बापूराव यांनीच लिहिताना घोळ केला आणि पहिल्या अंकात मेलेला सासरा तिसऱ्या अंकात जेवायला बसला. श्रीहरीनं त्याला जेवू दिलं. बापूराव चिडले तेव्हा म्हणाला, "वहीत जेवून राह्यला होता, बापूरावजी."

पावसाळ्यात तो दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोपं लावायला, रोवण्याला जायचा. सत्यशीला बारा महिने बिड्या वळायची. घर दोघांचंच होतं.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. त्या वर्षी ऑगस्टात कंपनीला सरकारच्या लोककला मेळ्याचं बोलावणं आलं. दूर, राजधानीत. सगळे आगगाडीनं गेले. नाटक झालं, लोकांना अर्धं कळलं, हार घातले गेले. परतायच्या दिवशी श्रीहरीचे डोळे पिवळे झाले. कावीळ. कंपनी त्याला तिथल्या दवाखान्यात ठेवून परत आली. अकरा दिवसांनी मेळ्याच्या एका अधिकाऱ्यानं त्याला बघितलं. हा माणूस दोन दिवसांच्या गाडीत टिकणार नाही असं त्या अधिकाऱ्याला वाटलं आणि त्यानं विमानाचं तिकीट काढून दिलं. वडशाचा एक रोवणेकरी विमानात बसला तो असा, दुसऱ्याच्या दयेनं आणि पिवळ्या डोळ्यांनी.

विमान मधल्या एका शहरात उतरताना पडलं. आत सत्तेचाळीस माणसं होती. अकरा वाचली. श्रीहरी शेपटाकडच्या सीटवर होता म्हणून वाचला.

तो घरी आला तेव्हा उजव्या कानामागचे केस जळलेले होते आणि खोकला लागलेला होता. सत्यशीलाला त्यानं सगळं एकदा सांगितलं, एकदाच, चुलीपाशी बसून.

"पाऊस होता. खाली काही दिसत नव्हतं. एकदा टेकलं, मंग उचललं, मंग पुन्हा टेकलं. मंग धूर. मागचं दार कोणी उघडलं ते मी पाह्यलं नाई. मी खाली पडलो, तिथी चिखल होता."

"काऊन पडलं जी?"

"मले माहीत नाई."

सत्यशीलानं पुन्हा विचारलं नाही. तिच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता. वडशाच्या दृष्टीनं तो आत्ता कुठं सुरू झाला होता.

स्टेशनासमोरच्या पानटपरीवर त्या आठवड्यात जो तो विमानाचा मिस्त्री झाला. यातल्या कुणीही विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. फार तर अंगणात झोपून, खालून, त्याच्या पोटाच्या बाजूनं. सायकल दुकानवाल्या कोलूचं म्हणणं पडलं की टायरात हवा कमी होती. पाऊस असला की टायर घसरतो, हे तो रोज बघत होता. लटारू एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. त्याच्या मते ब्रेक.

"ब्रेक लागले नसन," लटारू म्हणाला. "नाई त मंग उतारावर न्यूट्रल मारला असन. डिझल वाचवते ना गा ते लोकं."

"अबे, आभायात कोणता उतार?" कोलूनं विचारलं.

"खाली येऊन राह्यलं होतं का नाई?"

"हो."

"मंग उतारच झाला ना तो."

लटारूनं आपल्या नोकरीत दोनदा न्यूट्रल मारून गाडी नाल्यात घातली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे उलट त्याच्या शब्दाला वजन आलं. राईस मिलच्या फिटरनं पट्टा सरकल्याचं निदान केलं. हायस्कूलच्या मास्तरांनी परकी हात काढला. तो हात त्या काळात सगळीकडेच असायचा. भाताला करपा पडला तरी मास्तरांना तोच दिसायचा. ज्याच्या हातून आयुष्यात जे मोडलं होतं, त्याला विमानात तेच मोडलेलं दिसत होतं. छत्तीस माणसं जळून मेली होती आणि इथं पान रंगत होतं.

श्रीहरी बाजारात गेला की त्याला हाताला धरून टपरीवर बसवत.

"तुमी होते ना भाऊ आतमंधी. सांगा ना."

"मी मागं बसलो होतो."

"तरी."

"तरी मागंच बसलो होतो."

लोक नाराज होत. एवढं विमानात बसून आला, पडून आला, आणि देतो काय तर मागची सीट. हा माणूस काहीतरी लपवतो, असं कोलूला वाटू लागलं. कोलूला वाटलं की ते दुपारपर्यंत सगळ्या बाजारपेठेला वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात लटारूनं वेगळ्या बाजूनं धरलं. "बरं, कारण नका सांगू. पायलट कसा होता, इतकं त सांगसान का नाई?"

इथं श्रीहरीची चूक झाली. त्याला त्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं होतं.

"चांगला होता," तो म्हणाला. "मले चढवत नव्हतं. तो पायऱ्यांपाशी उभा होता, थर्मासचं झाकण तोंडाला लावून. ते खाली ठेवलं, माह्या जवळ आला, दंड धरून मले वरपर्यंत नेलं. बसवलं आन मंग समोर गेला."

टपरी सरसावली. पुढ्यात भाकर पडल्यावर कुत्री सरसावतात तशी.

"थर्मासात काय होतं?" लटारूनं विचारलं.

"मले माहीत नाई."

"वास आला असन ना?"

"नाकाले बाम चोळला होता मी. वास नाई आला."

तो उठून गेला. बोललेलं सगळं खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द त्यानं पाहिला होता. पण टपरीनं तासाभरात त्यातून हवं ते काढलं. चहा असता तर चहा म्हणाला नसता का? पाणी असतं तर पाणी म्हणाला असता. माहीत नाही म्हणतो, म्हणजे माहीत आहे. आणि बामाचं मध्येच काय काढलं? कुणी विचारलं होतं बामाचं? लटारूनं न्यूट्रल मागं घेतलं, कोलूनं हवा मागं घेतली, मास्तरांनी परकी हात सुद्धा आवरता घेतला. दोन आठवडे भांडणारे लोक एका संध्याकाळी एकमताचे झाले. पायलट दारू पिऊन होता, आणि हे खुद्द श्रीहरीनं सांगितलं होतं.

पुढच्या सोमवारी चंद्रपूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात ते छापून आलं. ‘पायलट नशेत तर्र! वाचलेल्या प्रवाशाचा गौप्यस्फोट’. खाली श्रीहरीचं नाव, गाव आणि जे त्यानं कधी उच्चारलं नव्हतं असं साडेतीन कॉलम बोलणं. वार्ताहराचं तोंडही त्यानं पाहिलेलं नव्हतं.

श्रीहरी छोट्या लायनीच्या आगगाडीनं चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनावर उतरला आणि विचारत विचारत त्या कचेरीत गेला. संपादक भला माणूस निघाला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"खुलासा छापू ना, भाऊ," तो म्हणाला. "दारू नव्हती तर काय होतं ते सांगा. कारण द्या, उद्या छापतो."

"मले कारण माहीत नाई. मी दारू म्हटलं नाई, इतकंच छापा."

"कारण माहीत नाही, ही काय बातमी झाली?"

श्रीहरी संध्याकाळच्या गाडीनं परत आला. "चहा चांगला होता," एवढंच सत्यशीलाला सांगितलं.

दिवाळीच्या आधी पत्र आलं. हिंदीत, जाड निळ्या शाईत, जुन्या माणसाच्या अक्षरात. सत्यशीला सातवी शिकलेली. ओटीवर बसून तिनंच ते वाचून दाखवलं. पत्र पायलटच्या आईचं होतं. तिला कुणीतरी ते साप्ताहिक धाडलं होतं आणि कुणाकडून तरी तिनं ते वाचून घेतलं होतं. तिनं शिव्या दिल्या नव्हत्या. लिहिलं होतं की चौकशी समिती बसली आहे. वाचलेल्या अकरा जणांत तिच्या मुलाला जवळून पाहिलेले तुम्ही एकटेच. बाकीचे मागच्या जिन्यानं चढले. समितीसमोर तुमच्या नावानं छापलेला तो पेपर ठेवलेला आहे. जानेवारी संपेपर्यंत लेखी जबाब घेतात. माझा मुलगा पीत नव्हता असं मी म्हणते, पण मी आई आहे. तुम्ही जे पाहिलं तेच लिहा. कमी नको, जास्त नको. सोबत समितीचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा होता.

श्रीहरीनं पत्र घडी करून वहीत ठेवलं.

"लिवून टाका आजच," सत्यशीला म्हणाली.

"लिवतो."

त्याच दिवशी त्यानं कच्च्या वहीत तीन कलमं लिहिली. मी कोण, विमानात कसा आलो, कुठं बसलो. विमान कसं टेकलं, कसं उचललं. बाहेर कसा पडलो. चौथं कलम पायलटचं होतं. तिथं तो थांबला. थर्मासचं लिहिलं तर समितीतही एक टपरी असणार. तिथंही कुणीतरी विचारणार, चहा होता तर चहा का नाही म्हटलं. न लिहिलं तर पाहिलेलं गाळलं असं होणार. बाईनं लिहिलं होतं, कमी नको, जास्त नको.

"त्या माउलीचं काम होऊन जाऊ द्या ना," सत्यशीला म्हणाली. "पीत नव्हता असं लिवा. कोण पाहाले येते?"

"पीत नव्हता हे मी कुठी पाह्यलं?"

"पीत होता हे तरी कुठी पाह्यलं?"

"तेच त."

दर चार-पाच दिवसांनी सकाळी तो एक वाक्य लिहायचा आणि पट्टी लावून खोडायचा.

बापूरावांना मात्र लिहायला काही अडचण आली नाही. त्यांनी आठ दिवसांत चार अंक लिहून काढले. ‘कुंकू पुसलं आभाळात’. त्यात दारुडा पायलट होता, त्याच्या नादी लागलेली एक नाचणारी होती, विमानात बसलेली नवी नवरी होती. शेवटी कोर्ट होतं, आणि त्या कोर्टात साक्ष द्यायला उभा राहणारा, मरणाच्या दारातून परतलेला नायक होता. त्याचं नाव श्रीहरी. ती भूमिका लच्छूची. न्यायाधीश स्वतः बापूराव.

"मी नाई येत, बापूरावजी," श्रीहरी म्हणाला.

"अरे, तुले कोण बोलाले लावून राह्यलं?" बापूराव म्हणाले. "बोलन लच्छू. तू त खाली वाचून दाखवणार. सासरा जेवला तवा तू थांबवलं का? नाई ना. वहीत हाये ते वाच, घरी जा."

श्रीहरीनं मान हलवली. सत्यशीलाला हे पटलं नाही. घरी आल्यावर ती तसं म्हणाली. तो म्हणाला, नाटक नाटकाचं, जबाब जबाबाचा. आणि आपण गेलो नाही तर लच्छू तोंड उघडं टाकून उभा राहील, सात-आठ माणसांचा हंगाम बुडेल. नाटकाची वहीसुद्धा त्यानंच सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. त्यात एकही शब्द इकडचा तिकडं केला नाही.

मग पोस्टरं लागली. लाल अक्षरात नाटकाचं नाव आणि खाली निळ्या अक्षरात, ‘विशेष आकर्षण : विमानातून वाचलेले खुद्द श्रीहरीभाऊ खोब्रागडे यांची सत्य कहाणी, त्यांच्याच शब्दांत’. श्रीहरी स्टेशनाच्या भिंतीपाशी ते बराच वेळ वाचत उभा होता. त्यातलं एक सत्यशीलानं पाहिलं ते कोलूच्या दुकानाच्या दारावर, सायकलीच्या ट्यूबांच्या वर. कोलू म्हणाला, "आता त मान्य कराल ना वहिनी. पेपरात झालं, नाटकात झालं."

पहिला प्रयोग जानेवारीच्या सुरुवातीला नदीपलीकडच्या एका गावी होता. गावात शंकरपट होता. दिवसभर बैल पळाले होते आणि दहा गावांचं माणूस गोळा झालं होतं. सत्यशीला सहसा नाटकाला जात नसे. त्या दिवशी शेजारच्या भागीरथाबाईला घेऊन गेली. कापलेल्या धानाच्या बांधीत तणस पसरून बायका बसल्या होत्या. नाटक चाललं ते चाललंच. पायलट झिंगला, नाचणारी नाचली, नवरीनं देवाला हाका मारल्या. बायका रडल्या. भागीरथाबाईनं पदर ओला केला आणि मध्येच सत्यशीलाला विचारलं, "अशीच रडली होती का वो ती नवरी?" सत्यशीला म्हणाली, "असन कोणी. मले माहीत नाई." आणि मग आपण कुणाचं वाक्य बोललो हे तिच्या लक्षात आलं.

कोर्टाचा प्रवेश लागला तेव्हा पूर्वेकडे उजाडत होतं. ट्यूबलाइट फिके पडले होते. रंगवलेल्या चेहऱ्यांवरचा घाम दिसत होता. बापूराव सुतळीचा पांढरा टोप घालून उंच खुर्चीत बसले होते. समोर लच्छू, डोक्याला पट्टी, पट्टीवर लाल डाग.

"साक्षीदार श्रीहरी," बापूराव गरजले, "छत्तीस जीवांचा खुनी कोण? सांग या न्यायाच्या मंदिरात. तू आपल्या डोळ्यांनी काय बघितलंस?"

वहीत वाक्य होतं: न्यायमूर्ती, मी या डोळ्यांनी बघितलं, तो नराधम दारूत बुडाला होता. त्यावर टाळी, त्यावर हार्मोनियम, त्यावर पडदा.

लच्छूनं छाती फुगवली. उजवा हात वर नेला. विंगेकडे कान दिला. एक क्षण गेला, आणि मग त्यानं त्याच खणखणीत आवाजात, तेच बोट रोखून सांगितलं, "न्यायमूर्ती, त्याच्या हातात थर्मासचं झाकण होतं. त्यात काय होतं ते मले माहीत नाई."

लच्छूचा हात वरच होता. आपण काय बोललो हे त्याला कळलेलं नव्हतं. बावीस वर्षांत ऐकून बोलायचं यापलीकडे त्यानं काही केलेलं नव्हतं.

बापूरावांनी टोप सावरला. "नीट आठव, साक्षीदार. आठवून बोल."

लच्छूनं पुन्हा कान दिला. "आठवूनच बोलून राह्यलो, न्यायमूर्ती. विमान काऊन पडलं ते मले माहीत नाई. जो माहीत हाये म्हणते, तो तिथी नव्हता."

सत्यशीलानं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, हे भागीरथाबाईला कळेना.

मग लोक हसले. मग शिट्ट्या झाल्या. मग पाठीमागून कुणीतरी ओरडलं की ही फसवणूक आहे. रात्रभर तणसात बसवलं आणि शेवटी माहीत नाही म्हणता? पटाच्या मंडळाचा अध्यक्ष, ज्याचा बैल दिवसा तिसरा आला होता, तो स्टेजवर चढला आणि न्यायाधीशाला म्हणाला, "बापूराव, बरोबर शेवट करा." बापूरावांनी उभं राहून लच्छूचं वाक्य स्वतःच म्हटलं. न्यायाधीशानंच सांगितलं की त्यानं या डोळ्यांनी बघितलं. कडाडून टाळी पडली. हार्मोनियम वाजलं. लोक समाधानानं बैल सोडायला गेले. श्रीहरीला बावीस वर्षांचा नेम मोडावा लागला होता. त्याची भरपाई करायला बापूरावांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

पडद्यामागं बापूराव टोप हातात घेऊन उभे होते. "बावीस वर्षं खाल्लं माह्या घरचं. आज तोंडात शेण घातलं."

"वहीत नाव माह्यं लिवलं तुमी," श्रीहरी म्हणाला. "मंग वाक्य बी माह्यंच येईन."

"उद्यापासून येऊ नको."

"नाई येत."

त्यानं वही त्यांच्या खुर्चीवर ठेवली, टॉर्च खिशात घातला. सत्यशीला बाहेर बैलगाडीपाशी उभी होती. दोघं नदीपर्यंत चालत आले. वाटेत तो तीनदा थांबून खोकला.

"मस्त बोलला लच्छू," ती म्हणाली.

"मधात अडखळला थोडा," तो म्हणाला.

कंपनी सुटली आणि त्याच्याकडे वेळ झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं दोन फुलस्केप कागद घेतले आणि पक्की प्रत सुरू केली. हात कापायचा म्हणून दिवसाला एक कलमच व्हायचं. खोकला आता रात्रंदिवस होता. अंगात ताप राहू लागला. तिसरं कलम झालं त्या दिवशी सत्यशीलानं त्याला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, "धुरात होता का कधी?" श्रीहरी म्हणाला, "होतो." त्या पाच-सहा महिन्यांत त्याला विचारलेला हा एकच नेमका प्रश्न, असं सत्यशीलाला वाटलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, दुपारी तीनच्या सुमारास तो गेला. वय पंचेचाळीस. शेवटचं बोलणं म्हणून सांगण्यासारखं काही नाही. त्यानं पाणी मागितलं, आणि ते येईपर्यंत थांबला नाही.

नदीवर अंत्यविधी करून लोक परत येईपर्यंत टपरी बसली होती. पायलटचा आत्मा लागला, असं राईस मिलचा फिटर म्हणाला. खोटी साक्ष दिली की असंच होतं. बापूरावांनी मूठ मारली, असं कोलूचं मत. मास्तरांच्या मते कावीळच, राजधानीचं पाणी. कंपनी सुटल्यावर त्यानं चोरून दारू धरली असणार, नाही तर पंचेचाळीसचा माणूस असा कसा जातो, हे लटारूनं काढलं. श्रीहरीच्या उभ्या आयुष्यात कुणी त्याला दारू पिताना पाहिलेलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं. तो कागद सत्यशीलाच्या ट्रंकेत होता आणि तो कुणीही मागितला नाही.

पाचव्या दिवशी लटारू घरी आला. टोपी काढून बसला, दुःख केलं. मग म्हणाला, "तो जबाब राह्यला म्हणते, वहिनी. तारीख जवळ आली. मी सांगतो तसं लिवा, खाली भाऊच्या नावाचा अंगठा मारून देऊ. कोणाले कळते?"

"त्याले लिवता येत होतं," सत्यशीला म्हणाली. "अंगठा काऊन मारन तो?"

"मंग सही करून देतो ना."

तिनं त्याला पाणी दिलं, तो पिईपर्यंत थांबली आणि त्याच्यामागं दार लावून घेतलं.

मग तिनं कागद काढले. पक्क्या प्रतीवर तीन कलमं, प्रत्येक ओळ सरळ, कुठं खाडाखोड नाही. कच्च्या वहीत चौथं कलम एकोणीस वेळा लिहिलेलं आणि एकोणीस वेळा पट्टीनं खोडलेलं. खालचं अक्षर वाचता येत होतं. ‘त्याच्या हातात थर्मासचे झाकण होते, त्यात काय होते माहीत नाही.’ ‘त्याने माझा दंड धरला, त्याचा हात स्थिर होता.’ ‘त्याचा हात स्थिर होता, पण माझा दंड थरथरत होता, म्हणून नक्की सांगता येत नाही.’ ‘वास आला नाही.’ ‘वास आला नाही, परंतु नाकाला बाम होता.’ यातलं कुठलं ठेवायचं होतं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तारखेला सहा दिवस होते. तिकीट लावलेला लिफाफा उघडाच होता.

पक्क्या कागदावर तिसऱ्या कलमाखाली एक ओळ सोडून त्यानं ‘४’ हा आकडा काढला होता, त्यापुढं टिंब दिलं होतं आणि ‘पायलटबाबत’ असं लिहून खाली रेघ मारली होती. बाकीचा कागद कोरा होता, आणि सही नव्हती.